देवळासाठी सुरक्षा ग्रँट: पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्या कमिटीसाठी

अमेरिकेतल्या देवळांच्या कमिट्यांमध्ये सुरक्षेचा विषय बहुतेक वेळा काहीतरी घडल्यावरच निघतो. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या मेलव्हिलला आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला बीएपीएस या स्वामीनारायण संप्रदायातल्या संस्थेच्या मंदिरांवर द्वेषाचा मजकूर रंगवला गेला. मार्च २०२५ मध्ये चिनो हिल्सच्या मंदिराचीही तशीच विटंबना झाली. अशा वेळी आपल्या ग्रुपवर कॅमेऱ्यांची चर्चा सुरू होते, कोणीतरी कोटेशन मागवतं, आकडा बघून सगळे गप्प होतात आणि विषय पुढच्या मीटिंगवर जातो.

या खर्चासाठी केंद्र सरकारची एक योजना २००५ पासून चालू आहे. तिचं नाव नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम, थोडक्यात एनएसजीपी. होमलँड सिक्युरिटी खात्याखालची फेमा, म्हणजे केंद्राची आपत्ती व्यवस्थापन संस्था, ही योजना चालवते. ज्यू संस्थांच्या पाठपुराव्यातून ती उभी राहिली, पण ती कुठल्याही एका धर्मासाठी नाही. सिनेगॉग, चर्च, मशिदी, गुरुद्वारे, देवळं, शाळा, दवाखाने या सगळ्यांना अर्ज करता येतो. आपल्या बऱ्याच कमिट्यांना मात्र या योजनेचं नावही ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्या "आपल्याला कुठे मिळणार" म्हणून सोडून देतात. कमिटीवर नव्याने निवडून आलेल्या आणि आयुष्यात कधी ग्रँटचा अर्ज न लिहिलेल्या माणसाला नजरेसमोर ठेवून हे लिहितो आहे.

पैसे येतात कुठून आणि किती

सगळ्यात पहिला गोंधळ इथेच होतो. तुम्ही फेमाकडे थेट अर्ज करत नाही. प्रत्येक राज्यात एक स्टेट ॲडमिनिस्ट्रेटिव्ह एजन्सी असते आणि तुमचा अर्ज तिच्याकडे जातो. ती अर्ज तपासून, गुण देऊन, क्रम लावून फेमाकडे पाठवते. कॅलिफोर्नियात हे काम कॅल ओईएस हे राज्याचं आपत्कालीन सेवा ऑफिस करतं, न्यू जर्सीत राज्याचं होमलँड सिक्युरिटी अँड प्रिपेअर्डनेस ऑफिस, टेक्ससमध्ये गव्हर्नरचं ऑफिस. तुमच्या राज्यात कोण ते फेमाच्या यादीत सापडतं. इथून पुढे मी त्याला नुसतं "स्टेट" म्हणेन.

रक्कम दोन भागांत वाटली जाते. एक भाग मोठ्या शहरी पट्ट्यांसाठी, दुसरा राज्याच्या बाकी भागासाठी. तुमचा पत्ता कशात बसतो ते स्टेटला एक ई-मेल टाकून विचारा, अंदाज बांधू नका. चुकीच्या भागात टाकलेला अर्ज त्याच कारणाने बाद होऊ शकतो.

२०२४ मध्ये एका जागेसाठी जास्तीत जास्त २ लाख डॉलर मागता येत होते आणि एका संस्थेला तीन जागांपर्यंत अर्ज करता येत होता. त्याआधीच्या वर्षी मर्यादा जागेमागे दीड लाख होती. देशभरासाठीची एकूण तरतूदही बदलत राहते: २०२३ मध्ये ३० कोटी ५० लाख डॉलर, २०२४ मध्ये ४५ कोटी ४५ लाख, २०२५ मध्ये २७ कोटी ४५ लाख. त्यामुळे मागच्या वर्षीच्या आकड्यांवर विसंबू नका, अर्ज मागवणारी दरवर्षीची नोटीस नव्याने वाचा. एक चांगली गोष्ट म्हणजे या योजनेत संस्थेला स्वतःचा वाटा घालावा लागत नाही. मंजूर झालेल्या कामाचा पूर्ण खर्च मिळतो.

स्पर्धा मात्र खरी आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून कमी मंजूर झाले. म्हणून अर्ज भरण्यापेक्षा तो चांगला भरण्याला महत्त्व आहे.

आपण बसतो का

संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असली पाहिजे. उपासनास्थळांना आयआरएसकडून, म्हणजे केंद्राच्या कर खात्याकडून, वेगळं मान्यतापत्र घेण्याची सक्ती नाही, कायद्याने ती आपोआप करमुक्त धरली जातात. तरीही पत्र असेल तर जोडा, काही राज्यं मागतातच.

त्याहून महत्त्वाची अट जागेची. अर्ज एका प्रत्यक्ष पत्त्यासाठी असतो. पोस्ट बॉक्स चालत नाही. अर्ज करताना संस्था त्या इमारतीत वावरत असली पाहिजे. जमीन घेतली आहे, भूमिपूजन झालं आहे, बांधकाम चालू आहे, अशा देवळाला अजून अर्ज करता येत नाही. जागा भाड्याची असेल तर मालकाची लेखी परवानगी लागेल, कारण दारं बदलायची आहेत, भिंतींना भोकं पाडायची आहेत.

महाराष्ट्र मंडळांचं घोडं इथेच अडतं. बहुतेक मंडळांना स्वतःची वास्तू नाही. गणपती शाळेच्या ऑडिटोरियममध्ये, दिवाळी कुठल्या तरी हॉलमध्ये, मराठी शाळा रविवारी एखाद्या देवळाच्या तळघरात. अशा मंडळाने स्वतः अर्ज करण्याच्या मागे न लागता, ज्या देवळात आपले कार्यक्रम होतात त्याच्या अर्जाला हातभार लावावा. शाळेतल्या मुलांची संख्या, कार्यक्रमांच्या तारखा, गर्दीचे आकडे ही माहिती मंडळाकडे असते आणि देवळाच्या अर्जात ती सोन्यासारखी उपयोगी पडते. शिवाय अलीकडच्या वर्षांच्या नियमांत धार्मिक किंवा विचारसरणीवर आधारलेल्या संस्थांच्या गुणांना तीनने गुणलं गेलं, शाळा-दवाखान्यांना दोनने आणि बाकी संस्थांना एकने. निव्वळ सांस्कृतिक संस्थेला हा डोंगर जास्त चढावा लागतो.

नोटीस निघायच्या आधीची कामं

नोटीस कधी निघेल याचा भरवसा नाही. २०२४ मध्ये ती एप्रिलमध्ये आली, २०२५ मध्ये थेट जुलैच्या अखेरीस. आणि आली की स्टेटची मुदत फेमाच्या मुदतीच्या आधीची असते, कारण त्यांना सगळे अर्ज तपासून पुढे पाठवायचे असतात. तुमच्या हातात कधी तीन-चार आठवडे पडतात, कधी त्याहून कमी. एवढ्या वेळात शून्यातून अर्ज उभा राहत नाही. म्हणून पुढची कामं आजच सुरू करता येतात आणि करावीत.

स्टेटच्या मेलिंग लिस्टवर दोन वेगवेगळ्या माणसांची नावं घाला. एकाच सेक्रेटरीचा पत्ता दिला आणि निवडणुकीत कमिटी बदलली की नोटीस जुन्या माणसाच्या इनबॉक्समध्ये पडून राहते.

सॅम डॉट गव्ह या सरकारी साइटवरून यूनिक एंटिटी आयडी काढा. हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक आहे, एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स नंबरच्या जागी तो आला. तुम्ही स्टेटमार्फत अर्ज करत असल्यामुळे सॅममधली संपूर्ण नोंदणी लागत नाही, नुसता आयडी पुरतो. तो पूर्णपणे फुकट आहे. "तुमची नोंदणी करून देतो, अमुक डॉलर भरा" असे सरकारी वाटणारे ई-मेल येतात, त्यांना उत्तर देऊ नका. संस्थेचं नाव आणि पत्ता आयआरएस, राज्याची नोंदणी आणि यूनिक आयडी या तिन्ही ठिकाणी हुबेहूब सारखा आहे ना, ते बघा. एकीकडे "टेंपल" आणि दुसरीकडे "मंदिर" असेल तर पडताळणी तिथेच अडकते.

बोर्डाचा ठराव करून घ्या: अर्ज करायला मान्यता, सही कोण करणार, आणि मंजुरी मिळाल्यास आधी पदरचे पैसे घालायची तयारी. हा शेवटचा मुद्दा का, ते पुढे येईलच. संस्थेच्या लेटरहेडवर उद्दिष्टांचं एक पान तयार ठेवा, तेही मागितलं जातं.

आणि घटनांची वही ठेवा. माझ्या मते सगळ्या तयारीत हे सर्वांत मोलाचं काम आहे आणि आपल्याकडे तेच होत नाही. गेटवर कोणीतरी ओरडून गेलं, फोनवर धमकी आली, भिंतीवर काहीतरी लिहिलं, मूर्तीची मोडतोड झाली. आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? "कशाला उगाच पोलिसांत, पुसून टाका, भाविक घाबरतील." पुसण्याआधी फोटो काढा. पोलिसांना कळवा आणि रिपोर्ट नंबर घ्या. त्या माणसाने तुमच्या धर्माबद्दल किंवा देशाबद्दल काही बोललं असेल तर ते शब्द रिपोर्टमध्ये जसेच्या तसे लिहायला सांगा. एफबीआय २०१५ पासून हिंदूविरोधी गुन्ह्यांची वेगळी मोजणी करते, पण जे कळवलंच नाही ते मोजलं कसं जाणार? दोन वर्षांनी अर्ज लिहायला बसाल तेव्हा "आम्हाला त्रास होतो" या वाक्याला कोणी गुण देणार नाही. तारीख, वेळ आणि रिपोर्ट नंबर असलेल्या चार ओळींना देतील.

देऊळ परक्याच्या नजरेने बघा

अर्जाबरोबर व्हल्नरेबिलिटी असेसमेंट लागतं, म्हणजे तुमच्या इमारतीत कच्चे दुवे कुठे आहेत याचा लेखी अहवाल. तो त्याच पत्त्याचा हवा. शेजारच्या गावातल्या देवळाचा उतरवून चालत नाही.

त्यासाठी हजारो डॉलर मोजायची गरज नाही. सायबरसिक्युरिटी अँड इन्फ्रास्ट्रक्चर सिक्युरिटी एजन्सी ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिचे प्रोटेक्टिव्ह सिक्युरिटी ॲडव्हायझर देशभर नेमलेले असतात. ते येऊन जागा बघतात आणि पैसे घेत नाहीत. पण नोटीस निघाली की सगळेच त्यांना बोलावतात, तेव्हा तारीख मिळणं कठीण होतं. स्थानिक पोलीस खात्याचा अधिकारीही अशी फेरी करून देतो. दोन्ही जमलं नाही तर त्याच एजन्सीने उपासनास्थळांसाठी प्रश्नावली तयार केली आहे, ती घेऊन कमिटी स्वतः भरू शकते. मात्र स्टेटला कोणतं असेसमेंट चालतं ते आधी विचारा.

कोणीही येवो, त्याला रिकामं देऊळ दाखवू नका. मंगळवारी दुपारी दोन वाजता सगळी देवळं सुरक्षित दिसतात. रविवारी आरतीच्या वेळी बोलवा किंवा निदान त्या वेळचे फोटो काढून ठेवा.

आणि तुम्ही स्वतः बघायला शिका. आपल्या देवळांच्या कमजोर जागा ठरलेल्या असतात. मुख्य दार काचेचं. दारातून आत आल्या आल्या चपलांची जागा. तिथे माणसं वाकलेली, पाठ दाराकडे, आजूबाजूला लहान मुलं. महाप्रसादाच्या स्वयंपाकघराचं मागचं दार तांदळाची गोणी लावून उघडं ठेवलेलं, कारण आत उकडतं आणि माल आत-बाहेर चालू असतो. पार्किंगमधून थेट दारापर्यंत गाडी येऊ शकते, मध्ये काही नाही. तळघरात मराठी शाळा आणि तिथून बाहेर पडायला एकच जिना. गाभाऱ्यात पुजारी एकटे, फोन ऑफिसात. गणेशोत्सवात पार्किंगमध्ये मांडव घातला की आगीच्या बंबाची वाट बंद. जुनं चर्च विकत घेऊन देऊळ केलं असेल तर रस्त्याच्या बाजूला आणखी दोन दारं असतात, ज्यांच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं.

हे सगळं लिहून काढा. पण एक काळजी घ्या: हा अहवाल व्हॉट्सॲपवर फिरवू नका, वार्षिक सभेच्या कागदांत छापू नका. तुमच्या देवळात कुठून शिरता येईल याची ती यादी आहे. बोर्डातल्या मोजक्या माणसांकडेच राहू द्या.

इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन: खरा अर्ज

मागितलेला खर्च का हवा ते पटवून देणारा हा फॉर्म. सगळे गुण या एका फॉर्मला असतात. तो फेमाने दिलेला पीडीएफ असतो, दर जागेला वेगळा. संस्थेची माहिती, पार्श्वभूमी, धोका, कोणती साधनं हवीत, कामाचं वेळापत्रक आणि काम कोण सांभाळणार, असे त्याचे भाग आहेत. रकान्यांना अक्षरांची मर्यादा असते. म्हणून आधी वेगळ्या कागदावर लिहा, मग कापा.

धोक्याच्या भागात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि नवखी माणसं तिन्हींना एकच उत्तर देतात.

पहिला प्रश्न: तुमच्यावर हल्ला करावा असं कोणाला आणि का वाटेल? इथे तुमच्या वहीतल्या घटना येतात. तुमच्याकडे काहीच घडलं नसेल तर तुमच्यासारख्या संस्थांवर काय घडलं ते लिहा, पण संबंध जोडून दाखवा. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका वंशद्वेष्ट्याने सहा जणांना ठार मारलं, जखमी झालेले आणखी एक जण २०२० मध्ये गेले. ही घटना देवळाच्या अर्जात येऊ शकते. मात्र तुमच्या भागात भारतीय वंशाच्या लोकांना कोणत्या नजरेने बघितलं जातं, तुमच्या गावात तशी पत्रकं वाटली गेली का, हे पुढच्याच वाक्यात आलं पाहिजे. परदेशातल्या बातम्यांनी पान भरू नका. आणि साधी चोरी वेगळी ठेवा. ही योजना दहशतवादी किंवा तशा द्वेषातून होणाऱ्या हल्ल्यांसाठी आहे. दानपेटी फोडली गेली, तर त्यातून तुमचं दार कमकुवत आहे हे सिद्ध होतं, कोणी तुमचा द्वेष करतं हे नाही. ती घटना दुसऱ्या प्रश्नात घाला.

दुसरा प्रश्न: हल्ला झाला तर आत शिरणं किती सोपं आहे? इथे असेसमेंटमधले मुद्दे. लोक लिहितात: "आमच्याकडे कॅमेरे जुने आहेत आणि सुरक्षा व्यवस्था अपुरी आहे." याला काही अर्थ नाही, देशातल्या प्रत्येक अर्जात हेच वाक्य असतं. त्याऐवजी असं लिहून बघा:

"पूर्वेकडचं मुख्य दार साध्या काचेचं आहे. रविवारी सकाळी दहा ते एक ते कुलपाविना असतं. आत येताच चपला ठेवण्याची जागा आहे, तिथे एका वेळी तीस ते चाळीस माणसं दाराकडे पाठ करून असतात. तिथून सभामंडपापर्यंत दुसरं दार नाही. पार्किंग आणि दार यांच्यामध्ये गाडी अडवेल असा कोणताही अडथळा नाही. दारावर कॅमेरा आहे, पण त्यात पार्किंग दिसत नाही. असेसमेंटच्या अमुक पानावर ही नोंद आहे."

(फॉर्म अर्थातच इंग्रजीत भरायचा आहे. पण आधी मराठीत असं स्पष्ट लिहून मग उतरवलं तर मजकूर पोकळ होत नाही, हे मी सुचवेन.)

तिसरा प्रश्न: हल्ला झाला तर काय काय कोलमडेल? जीवितहानी तर आहेच, पण तेवढ्यावर थांबू नका. रविवारी किती माणसं येतात, गणपतीत किती, शाळेत मुलं किती, ज्येष्ठांचं जेवण कधी असतं, आसपासच्या किती मैलांत दुसरं देऊळ नाही, वादळात किंवा थंडीच्या लाटेत तुम्ही लोकांना आसरा दिला होता का, शेजारी शाळा किंवा हॉस्पिटल आहे का. आपल्या कमिट्या इथे संकोच करतात, स्वतःची सेवा सांगायची कशी म्हणून. सांगा. वाचणाऱ्या अधिकाऱ्याने कदाचित आयुष्यात देऊळ पाहिलेलं नसतं. त्याला "अन्नदान" म्हणजे काय ते माहीत नाही, पण "दर शनिवारी दीडशे लोकांना मोफत जेवण" हे कळतं.

मागणीची यादी सगळ्यात शेवटी

माझं ठाम मत आहे की कमिटीने कॅमेऱ्याच्या विक्रेत्याला शेवटी भेटावं. बहुतेक ठिकाणी उलट होतं. विक्रेता आधी येतो, सोळा कॅमेऱ्यांचं कोटेशन देतो आणि मग त्या सोळा कॅमेऱ्यांना शोभेल असा धोका कमिटी शोधत बसते. परीक्षकाला ते दोन मिनिटांत कळतं. फॉर्ममध्येच तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहायच्या असतात: साधनाचा फेमाच्या यादीतला क्रमांक, ते कोणत्या कमजोरीवर उपाय आहे, आणि अंदाजे खर्च. मधला रकाना रिकामा राहत असेल तर ती वस्तू काढून टाका.

साधनं फेमाच्या ऑथराइज्ड इक्विपमेंट लिस्टमधली, म्हणजे मंजूर साधनांच्या यादीतलीच मागता येतात. कॅमेरे, कार्डने उघडणारी दारं, मजबूत दारं आणि फाटकं, काचेवरचं संरक्षक आवरण, कुंपण, गाडी अडवणारे खांब, बाहेरचे दिवे, धोक्याची घंटा हे सगळं त्यात आहे. कंत्राटी सुरक्षारक्षक, स्वयंसेवकांचं प्रशिक्षण, आपत्कालीन योजना तयार करणं आणि तिची रंगीत तालीम यालाही पैसे मिळतात. व्यवस्थापनाच्या खर्चासाठी ५ टक्क्यांपर्यंत ठेवता येतात. प्रशिक्षणाची मागणी देवळं विसरतात. जानेवारी २०२२ मध्ये टेक्ससच्या कोलीव्हिलमधल्या सिनेगॉगमध्ये चार जणांना ओलीस धरलं होतं. तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, संधी साधून हल्लेखोरावर खुर्ची फेकली आणि शेवटचे तिघेही सुटले. त्याचं श्रेय त्यांनी आधी घेतलेल्या प्रशिक्षणाला दिलं. दारात स्वागताला उभ्या असणाऱ्या काका-मावशींना काय बघायचं, कोणाला फोन करायचा आणि दार कधी लावायचं हे शिकवणं कॅमेऱ्याइतकंच गरजेचं आहे.

शस्त्रं, चेहरा ओळखणारे किंवा गाड्यांच्या नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, देवळाचा रोजचा खर्च आणि मंजुरीच्या आधी केलेली खरेदी यांना पैसे मिळत नाहीत.

वेळापत्रकात उत्साहाच्या भरात "तीन महिन्यांत पूर्ण" असं लिहू नका. कामाला साधारण ३६ महिन्यांची मुदत असते. मंजुऱ्या, कोटेशनं, हिवाळ्यात न खोदता येणारी जमीन, गणपती-दिवाळीचे आठवडे हे सगळं धरून तारखा द्या. काम सांभाळणाऱ्याच्या नावापुढे "अध्यक्ष" एवढंच न लिहिता त्याने आधी काय सांभाळलं आहे ते लिहा. आपल्याकडे इंजिनिअर आणि प्रोजेक्ट मॅनेजर ढिगाने आहेत, तो अनुभव इथे मोजला जातो. आणि अर्ज पाठवण्यापूर्वी देवळाशी काही संबंध नसलेल्या एका माणसाला वाचायला द्या. त्याला जिथे प्रश्न पडेल तिथे परीक्षकालाही पडेल.

मंजुरीचं पत्र आल्यावर

इथे आनंदाच्या भरात सगळ्यात महाग चुका होतात. पत्र आलं म्हणजे काम सुरू करायची परवानगी मिळाली, असं नाही.

आधी पर्यावरण आणि ऐतिहासिक वारसा तपासणी पूर्ण व्हावी लागते. खांबासाठी खड्डा खणणं तर सोडाच, कॅमेरा बसवायला भिंतीला भोक पाडायचं असलं तरी ती मंजुरी लागते. त्याआधी काम केलं तर त्या कामाचे पैसे जातात. इमारत जुनी असेल, विशेषतः जुन्या चर्चची, तर यात जास्त वेळ लागतो. फोटो, नकाशे, बांधकामाचं वर्ष ही माहिती आधीच गोळा करून ठेवा.

मग खरेदी. केंद्राच्या खरेदी नियमांप्रमाणे स्पर्धा झाली पाहिजे आणि तिचे कागद राहिले पाहिजेत. तीन कोटेशनं घ्या, कोणाला का निवडलं ते लिहून ठेवा. ज्या विक्रेत्याने तुमच्या कामाची तांत्रिक यादी तयार करून दिली, त्याला पुढे त्याच कामासाठी बोली लावता येत नाही. कमिटीतल्या कुणाच्या भावाचा इलेक्ट्रिकचा धंदा असतो आणि तो मनापासून स्वस्तात करून द्यायला तयार असतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण सरकारी पैशात हा हितसंबंधांचा गुंता ठरतो. नम्रपणे नाही म्हणा. अर्ज लिहून देणाऱ्या कन्सल्टंटला मंजूर रकमेची टक्केवारी कबूल करू नका.

कॅमेऱ्यांबाबत एक नियम पाठच करा. २०२० च्या ऑगस्टपासून लागू असलेल्या बंदीमुळे हुआवे, झेडटीई, हायटेरा, हिकव्हिजन आणि दाहुआ या चिनी कंपन्यांची उपकरणं या पैशातून घेता येत नाहीत. स्वस्तातले बरेच कॅमेरे वेगळ्या नावाने विकले जातात आणि आतलं यंत्र यांचंच असतं. विक्रेत्याकडून तसं नसल्याचं लेखी घ्या.

बहुतेक राज्यांत पैसे परताव्याच्या रूपाने मिळतात. आधी तुम्ही बिल भरता, मग पावत्या पाठवता, मग चेक येतो. दीड लाखाचं काम म्हणजे काही महिने तेवढे पैसे देवळाने पुढे घालायचे. मार्च २०२५ मध्ये फेमाने तपासणीसाठी पैसे थांबवले तेव्हा अनेक संस्था बिलं भरून वाट बघत बसल्या. म्हणून काम टप्प्याटप्प्याने करा, एका टप्प्याचा परतावा आल्यावर दुसरा सुरू करा, आणि ठेवीला हात लावायची वेळ आली तर बोर्डाने ते आधीच ठरवलेलं असू द्या.

वेळ लागतो हे खरं आहे, पण चालढकल त्यात भर घालते. कॅलिफोर्नियातल्या पॉवेच्या सिनेगॉगला मजबूत दारं आणि फाटकासाठी दीड लाख डॉलर मंजूर झाले होते. पैसे हातात आले मार्च २०१९ च्या अखेरीस. २७ एप्रिलला हल्ला झाला, एक बाई गेली. फाटक बसवायचं राहिलंच होतं. त्या संस्थेचा यात दोष नाही, कागदच उशिरा हलले. म्हणून तुमच्या हातातला कागद एक दिवसही पडून राहू देऊ नका.

करारावर सही करण्यापूर्वी अटी शेवटपर्यंत वाचा. २०२५ च्या अटींमध्ये इमिग्रेशन अंमलबजावणीशी जोडलेली कलमं आली, त्यावरून अनेक धार्मिक संस्थांमध्ये वाद झाले. समाजातल्या एखाद्या वकिलाला त्या वाचायला द्या. सगळे कागद प्रकल्प बंद झाल्यानंतर तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. ते कुणाच्या घरच्या लॅपटॉपवर नकोत, संस्थेच्या खात्यात ठेवा.

नाही मिळालं तर

पहिल्या वर्षी नकार आला तर स्टेटला लिहा आणि गुण कुठे कमी पडले ते विचारा. बरीच राज्यं सांगतात. अलीकडच्या वर्षांत, पूर्वी कधीच ही ग्रँट न मिळालेल्या संस्थांना जादा गुण मिळाले आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षीही तुमचं पारडं नवखे म्हणून जड असू शकतं. असेसमेंट, घटनांची वही, आकडे हे सगळं तसंच उपयोगी पडतं, फक्त नव्या घटना आणि नव्या किमती घालायच्या.

दरम्यान राज्याच्या योजना बघा. कॅलिफोर्नियाची स्वतःची नॉनप्रॉफिट सुरक्षा ग्रँट आहे. न्यू जर्सीत सुरक्षारक्षकांसाठी आणि इमारत मजबूत करण्यासाठी राज्याच्या पैशातून वेगळी मदत मिळते. न्यूयॉर्कमध्ये द्वेषगुन्ह्यांपासून समाजांचं संरक्षण करण्यासाठी योजना आहे. त्यांचे फॉर्म लहान असतात आणि त्याच मजकुरातून भरता येतात.

आणि असेसमेंटमधल्या ज्या गोष्टींना पैसेच लागत नाहीत त्या या रविवारी करा. स्वयंपाकघराच्या दाराची गोणी काढून तिथे एक स्वयंसेवक उभा करा. किल्ल्यांची यादी करून जुन्या परत मागवा. चपलांच्या जागेकडे तोंड करून एक माणूस दारात असू द्या. गाभाऱ्यात पुजाऱ्यांच्या हाताशी फोन ठेवा. आणि भागातल्या पोलीस अधिकाऱ्याला पुढच्या आरतीला बोलवा. त्याला सगळी दारं दाखवा, प्रसाद द्या आणि त्याचा थेट नंबर घ्या.